कालवणाची तवली

मी तवली. मातीची, काळी, पसरट तोंडाची. माझ्यात कधी दूध तापलं नाही, भात शिजला नाही, गोडाधोडाचा तर वासही माझ्याजवळ आला नाही. जन्मभर मी एकच काम केलं, माशाचं कालवण. पोलादपूरहून कुडपणकडे जाणारा रस्ता जिथे चढायला लागतो तिथे एक वाडी आहे. तिच्यातलं रस्त्याला लागून असलेलं घर ते माझं, आणि त्या घराच्या मागच्या पडवीत माझी चूल. तिथूनच बोलते आहे. माझं बोलणं लांबलं तर रागावू नका. खरं तर आज मी असायला नको होते. मला फोडायचं ठरलं आहे, आणि ठरलेलं अजून कुणी मोडलेलं नाही.

माझी माती सावित्रीची. पावसाळ्यात नदी पसरते आणि ओसरताना काठच्या शेतांत गाळ ठेवून जाते. महाडच्या बाहेर राहणाऱ्या रामा कुंभाराने तो गाळ उचलला, चाळला, पायाने मळला आणि चाकावर चढवला. ओली असताना त्याने मला आतून दगडाचा आणि बाहेरून लाकडी थापीचा मार दिला. त्या मारानेच माझं बूड गोल झालं. आव्यात, म्हणजे भट्टीत, माझी पाळी आली तेव्हा त्याने वरून भाताचा तूस आणि ओला पाला टाकून तोंड बुजवलं. आतल्या आत धूर कोंडला आणि मला हा काळा रंग आला. कुंभाराच्या घरी कुणी कुणाला सुंदर म्हणत नाही. टिचकी मारतात आणि आवाज ऐकतात.

ठमाबाईनेही तेच केलं. महाडच्या बाजारात ती नवऱ्याबरोबर आली होती. एकेका तवलीला टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, आणि बद्द वाजली की बाजूला ठेवायची. तिचा नवरा कोंडाजी पिशव्या घेऊन उन्हात उभा होता.

"तवली घेतेस की सोयरीक जुळवतेस?" तो म्हणाला.

"सोयरीक बिघडली तर माहेराला जाता येतं. तवली बिघडली तर कालवण तुम्हालाच खायचं हाय," ती म्हणाली, आणि मला उचललं.

एसटीत तिने मला मांडीवर धरलं. वळणावर गाडी कलली की तिचे दोन्ही हात माझ्या काठावर घट्ट होत. घरी आल्यावर मला पाण्यात बुडवून ठेवलं, आतून तेल चोळलं आणि कोंडा घातलेलं तांदळाचं धुवण माझ्यात उकळत ठेवलं. माझा कच्च्या मातीचा वास गेला. मग मागच्या पडवीतली छोटी चूल माझी झाली. घरातल्या चुलीवर देवाचा नैवेद्य होतो, म्हणून माशाची तवली तिकडे जात नाही. सोमवारी, एकादशीला, श्रावणभर मी उपडी असते. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. माझी चूल वेगळी, पण तिच्याभोवती बसणारी माणसं तीच.

आमच्या डोंगरात समुद्र नाही. मासा आमच्याकडे चंद्राबाईच्या डोक्यावरून येतो. ती दासगावकडची भोईण. पहाटे खाडीत जाळं निघालं की ती पाटी भरते, वर ओलं गोणपाट टाकते, महाडला एसटी धरते, पोलादपूरला बदलते आणि आमच्या वाडीच्या फाट्यावर उतरते. बोय, काळुंद्र, कोळंबी, चिंबोऱ्या, ज्या दिवशी जे मिळेल ते. फाट्यापासून तिची हाक वर येते आणि घराघरातली मांजरं आधी उठतात.

ठमाबाईचं कालवण अगदी साधं. वाटण नाही, नारळ नाही. तापल्या तेलात ठेचलेला लसूण, हळद, घरचा मसाला, पाणी, आमसुलं, मीठ, आणि उकळी आली की मासा. पळीने ढवळायचं नाही. दोन फडक्यांनी माझा काठ धरायचा आणि मलाच हलके फिरवायचं. रस माशावरून फिरतो आणि मासा अखंड राहतो. शेजारची कुणी दहा जिन्नस सांगू लागली की ठमाबाई म्हणे, "ताज्या माशाला मदत लागत नाय. शिळ्याला लागते."

तिचा एक हट्ट मात्र होता. कालवण उतरलं की लगेच वाढायचं नाही. निखारे बाजूला ओढून झाकणी टाकायची आणि मुरू द्यायचं. आंबट-तिखट माशाच्या अंगात उतरलं पाहिजे. तेवढा वेळ कोंडाजी पडवीच्या पायरीवर बसून राही. "नुसत्या वासावर भाकर खाऊ काय?" असं म्हणे, पण उठून जात नसे. मग सगळी जेवायला बसत. पहिला घास कोंडाजीचा, कारण घरात तो वडील. त्यानंतर कितीतरी वेळ कुणी बोलत नसे. काटे असलेला मासा खाताना माणसाला दुसरीकडे लक्ष देता येत नाही. माणसं एकमेकांजवळ बसतात पण एकमेकांकडे नसतात, असं मी पुष्कळ पाहिलं. माझ्याभोवती बसल्यावर ती सारी तिथेच असत.

त्यांचा मुलगा भरत डोंबिवलीत राहतो. त्याचं लग्न तिथेच वाढलेल्या सेजलशी झालं. सेजल सुट्टीला म्हणून आली आणि इथेच रमली. ओट्याच्या एका कोपऱ्यात फोनला रेंज मिळते, तिथे लॅपटॉप मांडून ती तिचं काम करते. भरत महिन्यातून एकदा येतो. वाडीतल्या बायका आधी हसल्या, मग तिच्याकडून मुलांचे ऑनलाइन अर्ज भरून घेऊ लागल्या.

तिने माझ्यात पहिलं कालवण केलं तेव्हा मोठ्या हौसेने पळी फिरवली. बोयचा पार भुगा झाला. ठमाबाईने झाकणी उचलून आत पाहिलं. "मासा मेलेलाच हाय गो," ती म्हणाली, "त्याला आनखी का मारतेस?" सेजल हसता हसता रडवेली झाली. मग सासूने तिच्या हातात फडकी दिली, तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि मला फिरवून दाखवलं. त्या वेळी माझ्या काठावर चार हात होते. एवढे हात मला त्याआधी कधी लागले नव्हते.

अशीच वर्षं गेली असती. पण भातं कापून झाल्यावरच्या दिवसांत, पेंढ्याची उडवी रचली जात असताना, एका सकाळी कोंडाजीने फाट्यावरून बोय आणली. छान बोय होती, लालभडक कल्ल्यांची. ठमाबाईने कालवण केलं, उतरवलं, झाकलं. कोंडाजी पायरीवर येऊन दोन शब्द बोलला आणि शेताकडे गेला. तो काय बोलला ते मी ऐकलं होतं. ते पुढे सांगेन.

ताटं मांडून झाली होती. माझी झाकणी अजून निघाली नव्हती. तेवढ्यात खालून माणसांचा गलका आला. कोंडाजीला चार जण उचलून आणत होते. उडवीपाशीच तो छातीवर हात ठेवून बसला आणि आडवा झाला. डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळाला नाही.

मरण आलेल्या घरातलं शिजलेलं अन्न कुणी खात नाही. भावकीतल्या एका बाईने मला उचललं, गोठ्यामागे नेलं आणि सगळं कालवण मातीत ओतलं. मग मला भिंतीशी ठेवून ती रडणाऱ्या बायकांत जाऊन बसली. मी तिथेच होते. माणसांचे पाय माझ्या शेजारून जात होते.

सेजलने मला पाहिलं. सासूची जिवापाड जपलेली तवली कुणाच्या तरी पायाने फुटेल, असं तिला वाटलं. तिने मला राखेने घासलं, धुतलं, गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात ठेवलं आणि वरून गोणपाट टाकलं. तिला एवढंच सुचलं. आपल्या माणसाच्या दुःखात आपल्याला दुसरं काहीच करता येत नसेल तर माणूस एखादं भांडं सांभाळतो.

तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या पोरीला ती कोण सांगणार? सुतक असलेल्या घरात मातीचं भांडं राहत नाही. तांब्या-पितळेला राख लावली की ते शुद्ध होतं. माती सगळं पिते, म्हणून ती धुऊन निघत नाही, असं इथली माणसं मानतात. दहाव्याला घरातली सगळी मडकी ओढ्यावर गेली. पाण्याचा माठ, आंबिलीचं मडकं, मिठाचं गाडगं. खडकावर एकेक फुटल्याचे आवाज मी माळ्यावरून ऐकले. त्या सगळ्यांना मी ओळखत होते. गर्दीत तवलीची आठवण कुणाला झाली नाही.

सेजलला मात्र ते फोडणं पाहून कळलं. त्या संध्याकाळी ती माळ्यावर चढली आणि गोणपाटावर हात ठेवून बसली. मला वाटलं, आता नेईल. पण खाली ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती, दगडासारखी. तिच्यापुढे जाऊन हे सांगायचं कसं? सेजल तशीच उतरली.

तेराव्यानंतर सोयऱ्यांनी वशाट जेवण घालायचं, म्हणजे मांसमच्छी, ही इथली रीत. घरातल्या वडील माणसाने पहिला घास घेतला की दुखवटा उठतो. मग घर हसायला, खायला, सण करायला मोकळं होतं. आता वडील ठमाबाई. तिच्या भावाने सगळं रांधून आणलं होतं. तिने घास उचलला, हातात धरला, परत ताटात ठेवला. "तुम्ही जेवा, माझी ना नाय," असं म्हणून ती मागच्या दारी निघून गेली. तिने खाल्लं नाही म्हणून भरतने खाल्लं नाही, भरतने खाल्लं नाही म्हणून कुणीच खाल्लं नाही.

तेव्हापासून या घराचा दुखवटा उठला नाही. शिमग्याला पोळी झाली नाही, गौरीला तिखटाचा नैवेद्य झाला नाही. चंद्राबाई घरावरून जाताना आवाज खाली आणू लागली. ठमाबाई पेज प्यायची, मीठ चाटायची, कधी अर्धी भाकर. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एकदा वैरणीचा भारा उचलताना ती चक्कर येऊन पडली. महाडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की आजार काही नाही, पोटात अन्नच नाही. अंडी द्या, मासे द्या, नाहीतर हे शरीर फार दिवस ओढणार नाही. सेजलने महाडहून गोठवलेल्या माशाचं पाकीट आणलं, कढईत केलं. ठमाबाई ओट्यावर जाऊन बसली. सेजलच्या घशाखालीही ते उतरलं नाही. भरत फोनवर म्हणाला, आईला इकडे आणतो. ठमाबाईने फोन सेजलच्या हातात परत दिला आणि गोठ्यात आली.

गोठ्यात ती रोज येई. गाईला वैरण घालता घालता तिच्याशी बोले. माणसांना जे सांगता येत नव्हतं ते तिने गाईला सांगितलं, आणि वर माळ्यावर मी ते ऐकलं.

"भूक लागलीय म्हनाले गो. वाढ म्हनाले. मी म्हटलं, मुरू दे, तवर पेंढा चढवून या. भुकेला धाडला मी माझा मानूस."

हेच ते दोन शब्द. ठमाबाई ते दर दोन-चार दिवसांनी गाईला सांगायची, नव्याने सांगितल्यासारखे. आणि सेजल? ती येई, गोणपाटाकडे पाही आणि पुटपुटे की आपल्यामुळेच हे घर अडकलं आहे. आपण सुतकाची तवली घरात ठेवली, म्हणून आईंच्या तोंडाला घास लागत नाही. सुनेला सासूचं ठाऊक नाही, सासूला सुनेचं नाही. दोघी एकाच गाईच्या पाठीवर हात फिरवायच्या आणि एकमेकींना काही सांगायच्या नाहीत. दोघींचं मला माहीत होतं आणि माझा काही उपयोग नव्हता. माणसांनो, तुमच्या घरातल्या भांड्यांना जितकं माहीत असतं त्याच्या निम्मं जरी तुम्ही एकमेकांना सांगितलंत तर कितीतरी चुली विझायच्या वाचतील.

कोंडाजीचं वर्षश्राद्ध झालं. ते करून भरत रात्रीच्याच गाडीने डोंबिवलीला परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी येसाजी आला. तो कोंडाजीचा चुलतभाऊ, भावकीत आता सगळ्यात जाणता, रीतभात डोळ्यांत तेल घालून पाळणारा. ठमाबाईला वहिनी मानतो. तो न्याहारी न करताच आला होता. ओट्यावर बसून तिला समजावत होता की वर्ष झालं, सुतक कुणाचंही कायमचं नसतं, आज तरी घराला मोकळं करा, पोरांकडे बघा. ठमाबाई मान हलवत होती. तिचं ते मान हलवणं आता इतकं हलकं झालं होतं की होय की नाही हेही कळत नव्हतं.

सेजल दारात उभी होती. ती वळली, गोठ्यात आली, माळ्यावर चढली आणि गोणपाट ओढून काढलं. वर्षभराने माझ्या अंगाला उजेड लागला. तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि अंगणात आणून सासूपुढे ठेवलं.

"आई, ही मी लपवली होती," ती म्हणाली. "त्या दिवशी. मला रीत माहीत नव्हती. नंतर कळलं, पण सांगायचं धाडस नाही झालं. माझ्यामुळे झालंय हे सगळं."

येसाजी उठून उभा राहिला. "सुतकाची तवली वरीसभर घरात? म्हनूनच हे घर असं बसलंय. वैनी, आत्ताच्या आत्ता फोडा ती."

ठमाबाई माझ्याकडे पाहत होती. मग तिने पदराने माझ्यावरची पेंढ्याची धूळ पुसली.

"तुझ्यामुळं काय नाय झालं गो," ती सेजलला म्हणाली. "तुला काय ठावं? मी केलंय ते." आणि वर्षभर जे गाईला सांगितलं ते तिने माणसांना सांगितलं. हळू आवाजात, एकाच दमात. कालवण तयार होतं. तो पायरीवर आला होता. भूक लागली म्हणाला होता. तिने त्याला वाढलं नाही.

सेजल खाली बसली आणि तिने सासूचा हात धरला. येसाजी खाली मातीकडे पाहत होता.

"वैनी," तो म्हणाला, "मी व्हतो ना उडवीपाशी. दादा भुकेला नव्हता. माझ्या फडक्यातली भाकर खाल्लीन त्यानं, ठेच्यासंगं. मी आनखी देत व्हतो तर म्हनतो कसा, बस कर, घरी बोय मुरतेय, पोटात जागा ठेवायला पायजे."

ठमाबाईने मान वर केली. "एवढ्या दिवसांत का नाय बोललात?"

"तुम्ही कधी इचारलंत?"

हे खरं होतं की येसाजीने तिथल्या तिथे रचलं होतं, मला माहीत नाही. मी उडवीपाशी नव्हते. मला एवढंच माहीत आहे की रीत सोडून एक शब्द इकडचा तिकडे न करणारा तो माणूस ते बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता. खोटं असेल तर त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं खोटं. ठमाबाईने त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिने एकच विचारलं.

"हसत व्हते?"

"हसत व्हता."

तेवढ्यात फाट्याकडून चंद्राबाईची हाक आली. नेहमीप्रमाणे आमच्या घराशी येताच ती हाक खाली उतरली. ठमाबाई मला तिथेच ठेवून उठली, रस्त्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "थांब गो. बोय हाय?"

चंद्राबाईने पाटी उतरवली. वर्षभराने या दारात तिची पाटी उतरत होती. पण तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेवढी समज तिला आहे. "बोय नाय. कोळंबी हाय, आजचीच."

"मला बोयच पायजे व्हती."

"मग आनू कुठनं? खाडी काय माझ्या बापाची हाय? ती देईल ते घेऊन येते मी. ही बघ, अजून उड्या मारतेय. घ्यायची तर घे, नायतर मी म्होरं जाते, गाडी माझ्यासाठी थांबायची नाय."

ठमाबाई पाटीत पाहत उभी राहिली. मला वाटतं, त्या क्षणी तिला कळलं असावं की ती बोय कुणीच परत आणू शकत नाही. ती गोठ्यामागच्या मातीत गेली, तिच्यावर एक पावसाळा गेला. समोर होती ती आजची कोळंबी. ठमाबाईने पदर पसरला.

मग ती मला घेऊन पडवीत आली. येसाजी मागून म्हणाला, "वैनी, ती फोडायची हाय."

"फोडायचीच हाय, भावजी. घरात नाय नेत मी तिला. पडवीतच करते. त्यांचं पान ठेवायचं हाय, ते दुसऱ्या कशात करू? मग फोडू."

यावर रीत काय म्हणते ते येसाजीला आठवलं नाही, किंवा त्याने आठवू दिलं नाही. तो पायरीवर बसला.

वर्षभर कोरडी पडलेली मी. तिने आधी मला पाण्याने भरून ठेवलं. मी पाणी पीत होते तेव्हा माझ्या अंगातून बारीक बुडबुडे निघत होते, आणि ती विळीवर बसून कोळंबी सोलत होती. सेजलने चूल पेटवली. लसूण ठेचला. तेल तापलं, लसूण पडला, आणि माझ्या बुडापासून काठापर्यंत ती ऊब चढत गेली. हळद, मसाला, पाणी, आमसुलं. कोळंबी सगळ्यात शेवटी, कारण तिला फार शिजवलं तर ती रुसते आणि कडक होते. सेजलने फडकी घेतली आणि मला फिरवलं. तिच्या हातात आता सासूचा हात उतरला होता.

उतरवल्यावर सेजल सवयीने झाकणी उचलायला गेली. "आई, जरा मुरू..." एवढं बोलली आणि तिथेच थांबली.

"नको मुरायला," ठमाबाई म्हणाली. "गरमच वाढ. भावजी सकाळपासनं उपाशी बसलेत."

आधी केळीच्या पानावर कोंडाजीचा वाटा निघाला. भात, कालवण, भाकरीचा तुकडा. सेजलने तो अंगणाच्या कडेला ठेवून हात जोडले. मग येसाजीला ताट. मग सेजलचं. आणि ठमाबाईने आपल्या ताटात भात घेतला, वर रस ओतला. तिघंही ताटाकडे पाहत बसली. येसाजीने भाताला हात लावला नव्हता.

ठमाबाईने घास कालवला. उचलला. मी चुलीजवळून तिचं तोंड पाहू शकत नव्हते, ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. फक्त ताजी कोळंबी दाताखाली येते तो बारीक आवाज आला. मग गिळल्याचा. तिचे खांदे हलत होते.

"मीठ कमी हाय गो," ती म्हणाली.

सेजल मीठ आणायला उठली. डबा मांडणीवर समोरच होता, पण तिला तो काही केल्या सापडेना, कारण तिचे डोळे भरले होते. येसाजीने घास घेतला आणि भात पुढे केला, रस वाढा म्हणून. त्या दुपारी माझ्या बुडाशी एक थेंबही उरला नाही. संध्याकाळी सेजलने भरतला फोन केला. काय बोलली ते ऐकू आलं नाही. पलीकडून मात्र भरतचं हुंदके देणं पडवीपर्यंत आलं.

जाताना येसाजीने आठवण करून दिली, "वैनी, तवली."

"आज खरकटी हाय. उद्या फोडू."

दुसऱ्या दिवशी ठमाबाईने मला राखेने घासलं, उन्हात ठेवलं, ओढ्याकडे निघाली आणि ओट्यावरून परत आली. चंद्राबाई परवा येणार होती. परवा झालं की सोमवार. सोमवार झाला की पुन्हा चंद्राबाई. असे कितीतरी उद्या गेले. येसाजी अधूनमधून विचारायला येतो. का कोण जाणे, तो नेमका कालवणाचा वास सुटल्यावरच विचारायला येतो, आणि येताना घरून वाटी आणतो.

मला घरात नेत नाहीत, माझी जागा छपराखाली बाहेर आहे. ठमाबाई रीत मानते. रीत मोडली असं ती कधी म्हणणार नाही. ती फक्त रीतीला थांबवून ठेवते, जसं दारातल्या पाहुण्याला बसा म्हणावं तसं. तिच्या अंगावर थोडं मांस आलं आहे. बांगड्या मनगटाशी थांबतात. आता ती कालवण मुरू देते, पण दारात कुणी असेल तर आधी त्याला भाकरी देते, मग झाकणी टाकते.

आणि मी? वर्षभर कोरडी राहिल्याने माझ्या काठाखाली एक बारीक रेघ उमटली आहे. उकळी आली की तिच्यातून तेलाचा एखादा थेंब बाहेर येतो. म्हणजे ठमाबाईने फोडलं नाही तरी मी एक दिवस आपणहून जाणार. त्याचं मला दुःख नाही. मातीचं भांडं आहे मी, मातीत जाणं मला परकं नाही.

माझं एकच मागणं आहे. मी गेले की रामा कुंभाराकडे जा, टिचकी मारून दुसरी आणा, तिला कोंड्याचं धुवण पाजा. तिच्यात मोठं काही करू नका. खाडीने त्या दिवशी जे दिलं ते घ्या, लसूण ठेचा, आमसुलं टाका आणि घरातल्यांना हाक मारा. जो गेला त्याच्यासाठी पान ठेवा. मग जे आहेत त्यांनी जवळ जवळ बसून पोटभर जेवा. आणि मनात काही अडकलं असेल तर ते त्या ताटावर बोलून टाका, गोठ्यात नको.

आज कुणीतरी पायरीवर येऊन बसलं आहे. हातात वाटी आहे.

"वैनी, फोडलीत का ती तवली?"

"आज चिंबोऱ्या हायत, भावजी. बसा."